दोन माणसांचं पाणी

२ फेब्रुवारी

प्रिय इंजिनियरबाई,

मावशीचा आशीर्वाद. काल सकाळी पालिकेची दोन माणसं आली, जिन्यात बराच वेळ खाटखूट केली आणि माझ्या नळाच्या पाइपावर एक डबी बसवून गेली. तिच्यावर हिरवा दिवा आहे, तो अधूनमधून माझ्याकडे बघून डोळा मारतो. या वयात! मी विचारलं, हे काय खूळ? तर म्हणाले, "विचारपूस योजना, आजी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. तुमच्या भाचीच्याच तर डोक्यातून निघालीय." म्हणजे तुझी आई गेल्यावर मी तुला पोटच्या पोरीसारखी वाढवली, शिकवली, ती तू माझ्या पाण्यावर पाळत ठेवावीस म्हणून होय?

थट्टा राहू दे. मला हे प्रकरण नीट समजावून सांग. त्यांनी एक अर्ज भरून घेतला आणि एक माहितीपत्रक दिलंय, पण ते वाचता वाचता डोळा लागतो. जन्मभर विंगेत उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं पुरवली, पण असली वाक्यं कुणाच्या तोंडी घालायची वेळ देवानं आणली नाही. ही डबी नक्की काय ऐकते? आणि एका माणसाला किती पाणी लागतं, हे तुम्ही लोक ठरवता कशावरून?

फोन का केला नाही म्हणशील. कानातलं यंत्र फोन लावला की शिट्टी मारतं, आणि मला पत्रं लिहायला आवडतात हे तुला ठाऊक आहे. उत्तर मात्र घरी पाठवू नकोस, पत्रपेटीचं कुलूप बिघडलंय. नाटक कंपनीच्या पत्त्यावर पाठव. निवृत्त झाले तरी सकाळची मी तिथेच जाऊन बसते आणि दारावरचा म्हातारा माझं टपाल जपून ठेवतो.

आमचे चिरंजीव, तुझा दादा, येऊन-जाऊन असतो. नव्या शहरात जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
मावशी


९ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

पत्र वाचून इतकी हसले की बाजूच्या टेबलावरचे साहेब चष्म्यावरून बघायला लागले. डबी काहीही ऐकत नाही गं. तिला फक्त पाणी कळतं, किती गेलं आणि केव्हा गेलं.

कल्पना कशी सुचली ते तुला कधी सांगितलंच नाही. आपल्या शहरातल्या माझ्या ऑफिससमोर एक म्हातारा शिंपी एकटा राहायचा. तो घरातच गेला आणि आठवडा उलटला तरी कुणाला पत्ता नाही. नंतर मी त्याच्या मीटरचे आकडे काढून बघितले. त्याच्या नळानं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आज इथे कुणी उठलेलं नाही. ऐकायला कुणी बसलेलं नव्हतं, एवढंच. मी वरिष्ठांना म्हटलं, पाण्याचे पाइप घरोघर गेलेच आहेत, मग त्यांच्याकडूनच खुशाली का विचारू नये? आता हीच योजना इथेही बसवायची म्हणून मला वर्षभरासाठी या पालिकेनं मागून घेतलंय. तुझी भाची आता मोठी असामी झालीय, जरा मान देत जा!

तर असं आहे. सकाळी बराच वेळ घरात थेंबही वापरला गेला नाही, तर पालिकेची विचारपूसवाली दारात येते. कोट, टोपी, तोंडाला मास्क, म्हाताऱ्या माणसांना बाहेरची सर्दी लागू नये म्हणून. ती काय करते माहितीये? तुझ्याकडे एक ग्लास पाणी मागते. तू उठून, चालत जाऊन, तुझ्या हातानं आणून द्यायचं. तेवढ्यात तिला सगळं कळतं, पाय कसा पडतो, हात थरथरतो का. आणि एक नियम मी भांडून घालून घेतलाय: ग्लास रिकामा होईपर्यंत ती आणि तू, दोघीच. घरचं माणूस आलं तरी त्यानं दाराबाहेर थांबायचं. म्हातारी माणसं मुलांसमोर खरं बोलत नाहीत.

पाणी अजिबात गेलं नाही किंवा नेहमीपेक्षा फार जास्त गेलं, तर जवळच्या नातेवाइकालाही निरोप जातो. तुझ्या अर्जात ती जागा रिकामी दिसली. विसरलीस ना?

आता खरं सांग. मला इथूनही आपल्याकडचे आकडे दिसतात, म्हणून तुझ्या पाण्याची रेघ बघितली. जुन्या बिलांच्या मानानं तुझं पाणी दुप्पट झालंय. काय चाललंय?

वहिनीचा काही पत्ता? दादानं परवा फोन केला होता. "न सांगता निघून गेली, माझं काय चुकलं तेही कळू दिलं नाही," म्हणाला आणि रडायला लागला. दादाला रडताना मी कधी ऐकलं नव्हतं गं. त्याच्याकडे लक्ष दे.

तुझी,
असामी


१४ फेब्रुवारी

प्रिय असामीबाई,

पाण्याचं एवढं काय घेऊन बसलीस? पडदे धुतले. गाद्यांची कव्हरं धुतली. पाठ दुखते म्हणून डॉक्टरांनी दोनदा गरम पाण्यानं अंघोळ करायला सांगितली आहे, आणि या वयात न्हाणीघरात किती चकरा होतात ते तुला माझ्या वयाची झालीस की कळेल. झालं समाधान?

मला मात्र काही गोष्टी सांग. ही रेघ तुझ्याखेरीज आणखी कोण कोण बघू शकतं? नळ अगदी बारीक सोडला तर डबीला कळतं का? मी खालच्या मजल्यावरून दोन बादल्या आणल्या तर ते पाणी तिच्या नावावर लागेल ना? आणि डबी काढून टाकायची तर काय करावं लागतं? सहज विचारते.

नातेवाइकाची जागा विसरले नाही. मुद्दाम रिकामी ठेवली. माझी खुशाली मी स्वतः देऊ शकते, अजून वाचा शाबूत आहे. ती तशीच राहू दे. हे तुला बजावून सांगते.

वहिनीबद्दल दादा जे सांगतो ते त्याचं सांगणं झालं. त्यापलीकडे मी आज काही लिहीत नाही. त्याच्यापाशी माझा विषय काढू नकोस, पत्रांचाही नाही.

मावशी


२० फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस मला चैन पडलं नाही. तू असं कधी लिहीत नाहीस. तोडून टाकल्यासारखं. बारीक नळ, खालच्या बादल्या, डबी काढायची कशी... मावशी, रागावू नकोस, पण आमच्याकडे असे म्हातारे खूप येतात. नळ सोडायचा आणि विसरायचं, मग कुणाला कळू नये म्हणून लपवत राहायचं. आणि डॉक्टर पाठदुखीला दोनदा अंघोळ सांगतात हे मी पहिल्यांदा ऐकलं.

विसर पडायला लागला असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. मीही तुला सोडून इथे येऊन बसलेय, माझा जीव तुटतो. म्हणून मी एक केलंय. तू चिडशील, पण मनातल्या मनात मला दुवा देशील. नातेवाइकाच्या जागी मी दादाचा नंबर घातलाय. आता रोज संध्याकाळी त्याला निरोप जाईल, "आईचा पाणीवापर नेहमीसारखा" किंवा "नेहमीपेक्षा जास्त", सोबत लिटरचा आकडा. त्याला सांगितलं तेव्हा किती बरं वाटलं त्याला! "तूच एक माझी काळजी घेणारी उरलीस," म्हणाला. सायकलवर डबलसीट बसवून मला परीक्षेला नेणारा दादा आहे तो. तुझी काळजी त्याच्याइतकी कोण घेईल?

पुढच्या सुट्टीत येतेच. मग भांड माझ्याशी.

तुझी,
लाडकी


२६ फेब्रुवारी

बाळ,

थट्टा नाही, काही नाही. हे पत्र वाचून झालं की जाळून टाक.

वहिनी माझ्याकडे आहे. गेला महिनाभर माझ्याकडे आहे. ते दुसरं पाणी तिचं.

तिचा उजवा हात कोपरात सरळ होत नाही. जिन्यावरून पडली, असं तुझ्या दादानं आपल्याला सांगितलं होतं, आठवतं? ती जिन्यावरून पडली नव्हती. आधी ती माहेरी आईकडे पळाली, तिथून यानं गोड बोलून परत आणली. मग मैत्रिणीकडे गेली, तिथेही हा पोचला. चौकीत गेली तर साहेबांनी दोघांना समोरासमोर बसवून समजूत घातली आणि याच्याच गाडीत बसवून दिलं. त्या दिवशी घरी नेल्यावर हात मोडला. मग एका संध्याकाळी ती माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तुमच्याकडे तो मला शोधणार नाही. नवऱ्याच्या आईकडे कोण लपतं?" मला त्याची आई असण्याची एवढी लाज जन्मात वाटली नव्हती. तिला आत घेतलं आणि कडी लावली.

फोनचं बिल तो भरतो, कुणाशी बोलले ते त्याला दिसतं. पत्रपेटीची किल्ली त्याच्याकडे आहे. घराचीही आहे. म्हणून नाटक कंपनीचा पत्ता. तुला सांगितलं नाही, कारण तुझा त्याच्यावर किती जीव आहे ते मला माहीत. तू त्याला काही विचारून बसली असतीस.

बाईची जात किती घाबरू शकते ते मी हिच्याकडे बघून शिकले. ती नळ सोडते तो दोऱ्याएवढा. बादली भरायला दुपार जाते. मी म्हटलं, अगं मोठा सोड, तर मान हलवते. त्यांच्या घरी पाण्याचा आवाज झाला की तो जागा व्हायचा.

काल दुपारी कुलपात किल्ली फिरली. नेहमी येण्याआधी फोन करतो, काल केला नाही. किल्लीचा आवाज आला की ती न्हाणीघरावरच्या माळ्यावर चढते, शिडी मी बाजूला करते. एवढं आमचं ठरलेलं. तो आत आला, माझ्या पाया पडला, खुर्चीत बसला आणि फोन माझ्यासमोर धरला. "आई, हे बघ. रोज नेहमीपेक्षा जास्त. दोन माणसांइतकं." हसत होता. मी पडदे सांगितले. तो उठून पडद्यांपाशी गेला आणि एक पडदा हातात घेऊन झटकला. धुरळा उडाला. मग न्हाणीघरात जाऊन उभा राहिला, बराच वेळ. तिच्या बरोबर खाली. मला बाहेरून त्याचा श्वास ऐकू येत होता, तिचा येत नव्हता. काळजाचं पाणी होणं म्हणजे काय ते मला काल कळलं. बाहेर येऊन म्हणाला, "कुठेतरी पाणी मुरतंय, आई. शोधून काढतो मी. तू काळजी करू नकोस."

जाताना समोरच्या सलूनवाल्याशी बोलत उभा होता. आता तो सलूनवाला दिवसभर तोंड माझ्या दाराकडे करून हजामती करतो. तिला बाहेर काढायची वाटही बंद झाली.

तो नंबर काढ. आजच्या आज काढ.

मावशी


२ मार्च

मावशी,

तुझं पत्र वाचून मी ते खोटं ठरवायला बघत होते. तुझ्यापासून लपवत नाही. मनात आलं, मावशीला भास होतायत, विसराळूपणाच्या पुढची पायरी. म्हणून दादाला फोन केला, सहज केल्यासारखा. तो नेहमीसारखाच गोड बोलला. मग म्हणाला, "एक काम कर ना. मला नुसतं जास्त-कमी कळून भागत नाही. आईच्या घरी कुठल्या वेळेला पाणी जातं तेवढं रोज पाठवत जा. आई नाटक कंपनीत गेलेली असते तेव्हाचं खास." मी विचारलं, कशाला रे? तर हसला आणि म्हणाला, "चोर पकडायला." ते हसणं मी लहानपणापासून ओळखते, लपाछपीत मी सापडले की तो असाच हसायचा. मी दिलं नाही, मशीन बिघडलंय म्हणून सांगितलं. मावशी, मी काय करून बसले गं हे.

नंबर काढता येत नाही. म्हणजे काढला की त्याला लगेच निरोप जातो, "आपला नंबर काढण्यात आला आहे." म्हातारी माणसं चिडून मुलांचे नंबर काढतील म्हणून हा नियम केला होता. मीच केला होता. त्याला तसा निरोप गेला तर तो त्याच दिवशी माळ्यावर चढेल.

नीट वाच. तुझ्या भागातली विचारपूसवाली योजनेच्या पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर आहे, तिला मी सगळं सांगितलंय. तुला जमेल त्या दिवशी पहाटे मुख्य चावी बंद कर आणि घरात थेंबही वापरू नका. सकाळी उशिरा तुझी रेघ जमिनीला टेकलेली दिसेल आणि ती येईल, तिला यावंच लागतं. पिशवीत दुसरा कोट, टोपी, मास्क घेऊन येईल. सलूनवाला वहिनीचा चेहरा ओळखतो, कोट ओळखत नाही. खाली पालिकेची गाडी असेल. तिथून माझ्याकडे कशी आणायची ते आम्ही बघू.

एकच भीती आहे आणि ती तुझ्यापासून लपवत नाही. "आज पाणी वापरलं गेलेलं नाही" हा निरोप त्याच वेळी दादालाही जाईल. त्याचं गोदाम शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. विचारपूसवालीचं ऑफिस जवळ आहे. आधी कोण पोचेल ते माझ्या हातात नाही.

तुझीच


१२ मार्च

बाळ,

झालं. ती निघाली. हे पत्र तुला मिळेपर्यंत तुझ्या दारात पोचली असेल. आता सगळं क्रमानं सांगते, कारण सांगितल्याशिवाय माझा हात थांबणार नाही.

पहाटे चावी बंद केली. दोघी कोरड्या तोंडानं बसून राहिलो. दार वाजलं तेव्हा कोण असेल ते कळेना, तिनं माझा हात धरला तो अजून दुखतोय. तुझी बाई होती. ठेंगणी, गोल, आवाज पोलिसासारखा. आत आल्या आल्या म्हणाली, "आजी, एक ग्लास पाणी." मी म्हटलं, अगं पाणी बंद आहे म्हणून तर तू आलीस! तर म्हणते, "मग रिकामा ग्लास द्या. हातात काही नसलं तर मला बोलायला सुचत नाही." त्या तसल्या वेळी मी हसले.

वहिनीला माळ्यावरून उतरवलं, कोट घातला. उजवा हात बाहीत जाईना. आम्ही दोघी तो हात बाहीत घालत होतो आणि कुलपात किल्ली फिरली.

तुझी बाई दारावर जाऊन उभीच राहिली. दार जेमतेम चेहरा मावेल एवढं उघडून म्हणाली, "साहेब, बाहेर थांबा. विचारपूस चालू आहे." तो म्हणाला, माझी आई आहे. ती म्हणाली, "म्हणूनच. ग्लास रिकामा झाला की बोलावते, नियम आहे." आणि दार लावलं. तो बाहेर जिन्यात, आम्ही आत, मध्ये एक फळकूट. तुझा तो भांडून घालून घेतलेला नियम, बाळ. तू जन्मात एवढंच केलं असतंस तरी पुरे होतं.

पण आता दोघी बाहेर पडायच्या त्याच्याच समोरून. मास्क होता, टोपी होती, पण बायकोची चाल नवरा ओळखतो. जन्मभर विंगेत उभी राहिले मी, कुणाची एन्ट्री पडायला लागली की काय करायचं ते मला माहीत आहे. प्रेक्षकांना दुसरीकडे बघायला लावायचं. मी आतल्या खोलीत गेले, तुझ्या बाईला खूण केली आणि खुर्चीसकट धाडकन खाली पडले. ओरडले, "अरे, बाळा रे!"

तो दार ढकलून धावत आला. त्या दोघी दारातच होत्या, बाजूला झाल्या. तो वहिनीच्या इतक्या जवळून गेला की तिच्या कोटाला त्याची बाही लागली. "थँक यू हां," म्हणाला तिला, वाट दिली म्हणून. आणि माझ्यापाशी गुडघ्यावर बसला. "डॉक्टरांना कळवते, साहेब," म्हणत तुझी बाई तिला घेऊन निघाली.

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "आई, कुठे लागलं? आई, बोल ना." माझं डोकं मांडीवर घेतलं, पाय चोळले. खोटं नव्हतं ते. खरंच घाबरला होता माझ्यासाठी. जिन्यात तिची पावलं उतरत होती, ती मी मोजत होते आणि वरून त्याचा हात माझ्या कपाळावर फिरत होता. राक्षस असता तर मला सोपं गेलं असतं. त्याच हातानं त्यानं तो हात मोडला, हे मला कुठे ठेवावं तेच कळत नाही.

चावी का बंद म्हणून विचारलं. म्हटलं, तुम्हीच म्हणता ना पाणी जास्त जातंय, मग केलं बंद. नंतर सलूनवाल्याला विचारलं त्यानं. सलूनवाला म्हणाला, "पालिकेच्या बायका आल्या, पालिकेच्या बायका गेल्या. मोजायला मी काय कंडक्टर आहे?"

आता नीट ऐक. नंबर काढू नकोस. नियम बदलून, युक्ती काढून, कसाही काढू नकोस. उद्यापासून मी पुन्हा दोन माणसांचं पाणी वापरणार आहे. दोन अंघोळी, दोन धुणी. घरात तिची वेळ असायची त्या वेळेला नळ बारीक सोडणार. त्याला रोज संध्याकाळी कळू दे की ती अजून इथेच आहे. जोवर तो माझ्या घरात शोधतो तोवर तुझ्या शहरात शोधणार नाही. माळ्यावर तिची केसांची पिन मी ठेवून दिलीय, गादीच्या कडेला, पटकन दिसणार नाही अशी. सापडली की त्याची खात्री पटेल.

मावशी


१९ मार्च

मावशी,

वहिनी पोचली. ती फार बोलत नाही. दार वाजलं की उठून उभी राहते, मग ते शेजारचं असो की टीव्हीतलं. काल डॉक्टरांना हात दाखवला. वेळेवर दाखवला असता तर, असं ते म्हणायला लागले आणि तिच्याकडे बघून औषधं लिहायला वळले. एक वकीलबाईही शोधल्यात, त्या चांगल्या आहेत. पण थोडे दिवस लागतील म्हणाल्या.

दोन्ही पालिकांच्या बैठकीत मी उभी राहिले आणि नियम बदलायला लावला. निरोप कुणाला जावा आणि कुणाला जाऊ नये हे नळ ज्याच्या घरात आहे त्यानंच सांगायचं, आणि नंबर काढला तर कुणाला कळवायचं नाही. साहेबांनी विचारलं, अशी किती प्रकरणं झालीत? मी म्हटलं, एक. आणि खाली बसले. पण नियम बदलला. तुझ्या घरासाठी मात्र जुनाच चालू आहे, तू म्हणालीस म्हणून. मला ते रोज खातंय.

रोज सकाळी आम्ही दोघी तुझी रेघ उघडून बसतो. पहाटे एक अंघोळ. मग थोडं थांबून दुसरी. दुपारी तो बारीक बारीक चढ. वहिनी त्या चढावर बोट ठेवते आणि म्हणते, "ही मी." तुझी पाठ दुखत असताना तू दोन दोन धुणी पिळतेस, हे त्या रेघेत दिसत नाही, पण मला दिसतं.

दादाचा फोन येतो. रडत नाही आता. "ती आईकडेच आहे, मला माहितीये," म्हणतो. "मी घाई करणार नाही. पाणी काही खोटं बोलत नाही." मावशी, तो ज्या शांतपणे हे बोलतो त्याची मला भीती वाटते. त्याला कळलं की तू त्याला खेळवतेयस तर? विचारपूसवाली येऊन तुलाही घेऊन येईल, गाडी आहे, कोट आहे. ये गं. हात जोडते.

तुझी


२५ मार्च

प्रिय इंजिनियरबाई,

येणार नाही. मी निघाले तर रेघ खाली येईल आणि तो आम्हा दोघींना एकाच जागी शोधेल. तुझ्याकडे. वकीलबाईंना त्यांचे दिवस मिळू देत.

पिन सापडली त्याला. मला दाखवली नाही, खिशात घातली, पण चेहऱ्यावरून कळलं. आता त्याची समजूत अशी झालीय की तिच्याकडे किल्ली आहे, दिवसा मी बाहेर असताना ती येते आणि तो यायच्या आत निघून जाते. म्हणून सोमवारपासून बिऱ्हाड घेऊन माझ्याकडे राहायला येतोय. "आई, तुला एकटं ठेवणं बरं नाही," म्हणाला. बाजूच्या खोलीत त्याची खाट टाकून झाली. रात्री माझ्या खोलीच्या दाराला आतून कडी नाही हे माझ्या काल लक्षात आलं. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटते. माझ्याच पोराची, माझ्याच घरात. स्वयंपाक करताना मागे पाऊल वाजलं की हातातलं भांडं पडेल असं वाटतं.

पण दिवसाचा तो गोदामावर असतो आणि दिवस माझा. हिशेब मी करून ठेवलाय. तो, मी आणि ती. सोमवारपासून तीन माणसांचं पाणी दाखवायला हवं. जन्मभर दुसऱ्यांना वाक्यं पुरवली, आता या वयात दोन भूमिका मिळाल्यात, आणि प्रेक्षक एकच, तोही घरचा. पाठ साथ देईलसं दिसतं.

तू रोज रेघ बघतेस तशी बघत जा. तीन माणसांचं पाणी दिसतंय तोवर माझं बरं चाललंय असं समज. दोनांवर आली तर त्यानं मला पकडलं असं समज, आणि त्याच तासाला वहिनीला घेऊन ते घर सोड, माझ्यासाठी थांबू नकोस. त्याहून खाली आली तर तुझ्या त्या ठेंगण्या बाईला पाठव. तिला सांग, आजींना पाणी मागू नकोस, सरळ आत जा.

आणि वहिनीला म्हणावं, तुझ्या वाटणीचं बारीक पाणी मी इथे सोडतेय. तू तिकडे नळ मोठा सोडत जा.

तुझी,
मावशी